बाबांची नाणी, कोकणातला पाऊस आणि दिवाणखान्यातलं शोकेस

माजघर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिला धागा काढतेय, सांभाळून घ्या.

बाबा गेल्या फाल्गुनात गेले. एसटीत कंडक्टर होते. कपाट आवरताना बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा निघाला, आत नाणी. एकूण ३४२ (दोनदा मोजली, दोनदा वेगळा आकडा आला, तिसऱ्यांदा भाच्याने मोजली). बरीचशी अ‍ॅल्युमिनियमची: चौकोनी १ पैसा, षटकोनी ३ पैसे, कंगोऱ्यांचे १० पैसे. ही बॅगेतल्या सुट्ट्यांतून वेचलेली असणार. भोकाचे पैसे, १९५७चे 'नये पैसे', चौकोनी दोन आणे, आजीकडचे चांदीचे १४ रुपये, ११ शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी). आणि एक काळं, बोटाला जड लागणारं नाणं, ज्यावर हत्ती असावा असं मला वाटतं आणि भावाला डुक्कर वाटतं.

भावाचं म्हणणं, गणपतीआधी सुताराकडून सागवानी शोकेस करून घेऊ, आत लाल मखमल, वर एलईडी पट्टी, सगळी नाणी हॉलमध्ये. मी ऑनलाइन ४०० कप्प्यांचा अल्बम बघून ठेवलाय, स्वस्त आहे. आम्ही रत्नागिरीत राहतो. आषाढात चपलेला बुरशी येते अशी हवा. काय करू?

पेठकर१९
आधी एकच सांगा. घासली नाहीत ना?

माजघर
चांदीचे दोन रुपये वहिनीने चिंच-मीठ लावून घासले. लख्ख निघाले.

पेठकर१९
अरेरे. चकाकी आली, किंमत गेली. चिंचेने काळपटपणा निघतो तसा वरचा बारीक थरही निघतो, आणि मिठाने बारीक चरे पडतात. जाणकार भिंगातून बघतो आणि नाणं परत ठेवतो. झालं ते झालं, उरलेल्या बाराकडे वहिनींना फिरकू देऊ नका. शिवराईवरचा तपकिरी-काळा थर तर अजिबात काढायचा नाही, तोच तिचं चिलखत आहे.

मुंगळा
वहिनीच्या बाजूने कोणीतरी बोला रे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे तेच रुपये चिंचेने निघतात, आणि दरवर्षी लक्ष्मी येते. म्हणजे दारापर्यंत तरी येते.

नाणेवेडा
माजघर, अल्बम घेण्याआधी पाच मिनिटं थांबा.

कॉलेजात असताना मी एका दुकानातून असाच कप्प्यांचा अल्बम घेतला होता. छान मऊ, पारदर्शक पानं. सात-आठ वर्षांनी उघडला तर पाव आण्यांवर हिरवा, चिकट चिखल. बोटाला लागला की तार निघायची. सगळी तांब्याची नाणी गेली, चांदीची निम्मी. तो अल्बम पीव्हीसीचा होता. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते हळूहळू बाहेर झिरपतं, आणि प्लास्टिक जुनं होताना त्यातून आम्लही सुटतं. तांबं आणि तांबंमिश्रित चांदी त्याच्या पहिल्या तडाख्यात सापडते.

ओळखायचं कसं? एक, वास. जूनमध्ये शाळेचा नवा रेनकोट उघडला की जो वास यायचा, तोच. दोन, मागचा त्रिकोण. आत ३ लिहिलं असेल तर पीव्हीसी, नको. १ (पेट), ५ (पॉलिप्रॉपिलीन), २ आणि ४ (पॉलिथिलीन) चालतात. तीन, काहीच लिहिलं नसेल तर पानाचा कोपरा कापा. तांब्याची तार गॅसवर लाल करा, आधी ज्योतीला रंग येतोय का बघा, मग तार त्या तुकड्याला टेकवून परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर तो अल्बम भंगारात. खिडक्या उघड्या ठेवून करा, धूर चांगला नसतो.

हिरवा चिखल आलाच असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोन, काचेच्या वाटीत. नेलपॉलिश रिमूव्हर नाही, त्यात तेल आणि अत्तर असतं. बुडवून ठेवायचं, घासायचं नाही, दुसऱ्या ताज्या वाटीत खळबळायचं, उघड्यावर वाळवायचं. जवळ गॅस, उदबत्ती, काही पेटतं नको.

चहाटळ
+१. प्लास्टिकच्या वाटीत अ‍ॅसिटोन ओतल्याचा अनुभव मला आहे. वाटी गेली, ओट्यावरचा सनमायका गेला, बायको दोन दिवस बोलली नाही. नाणं मात्र स्वच्छ.

गोमंतकी_कासव
पणजीहून. आमच्या पप्पांकडे पोर्तुगीज काळातली थोडी नाणी आहेत, चांदीची रुपिया, काशाचे तांग. १९५८ नंतर एस्कुदो आलं तेव्हा एका रुपियाला सहा एस्कुदो असा हिशेब होता, पप्पांना तो अजून तोंडपाठ आहे, काल काय जेवले ते नाही.

माझं काम स्वस्तातलं: पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर, मधे पातळ मायलरची (पारदर्शक प्लास्टिकची) खिडकी. नाणं ठेवायचं, घडी घालायची, तीन पिना मारायच्या. दिसतं छान, वर लिहिता येतं, दोन्ही बाजू बघता येतात. पण आमच्या हवेत दोन पावसाळ्यांत पिना गंजतात आणि गंज पुठ्ठ्यातून नाण्याकडे सरकतो. आता स्टेनलेसच्या पिना वापरते. आणि पिना सपाट दाबायला विसरू नका. ओबडधोबड राहिल्या तर शेजारच्या होल्डरच्या खिडकीतून थेट राजाच्या गालावर ओरखडा.

विदर्भवाघ
एवढं काय हो. आमच्याकडे आजोबांच्या सागवानी कपाटात साठ वर्षं नाणी आहेत, साध्या कापडी पिशव्यांत. एकालाही काही झालेलं नाही. सागवान म्हणजे सागवान. उगाच प्लास्टिकचे त्रिकोण मोजत बसू नका.

कपाटातली_धूळ
वाघसाहेब, तुम्ही अकोल्याकडचे ना? तिथली उन्हाळी हवा कापडातली ओलसुद्धा पिऊन टाकते. रत्नागिरीत तेच कपाट ठेवा, मग बोलू.

लाकडाचं थोडं सविस्तर लिहिते, कारण माजघर यांच्या डब्यात एक नाणं असं आहे ज्याची मला काळजी वाटतेय. मी संग्रहालयांच्या कामाशी थोडी जोडलेली होते. लाकूड कापल्यावरही बरीच वर्षं त्यातून आम्लाची वाफ बाहेर पडत राहते. प्लायवूड आणि एमडीएफमध्ये वर डिंकाची वाफही असते. उघड्या कपाटात ती उडून जाते. बंद काचेच्या शोकेसात मात्र आतच कोंडते. सोन्याला काही होत नाही, चांदीला फारसं नाही, तांब्याला थोडं. पण शिशाला? शिशाच्या वस्तू नव्या लाकडी खणात ठेवल्या की काही वर्षांत वर पांढरी पूड येते, आणि ती पूड म्हणजे नाणंच असतं. हळूहळू सगळं पीठ.

सातवाहनांनी शिशाची भरपूर नाणी पाडली. हत्ती असलेलं, काळं, आकाराच्या मानाने जड... माजघर, वजन करा आणि कागदावर हलकेच ओढून बघा, पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते का? (कडेने, चित्रावरून नाही!) उमटली तर शिसं असण्याची शक्यता खूप. हात लावल्यावर धुवा, आणि ते नाणं सागवानी शोकेसात ठेवू नका.

मखमलीचंही तेच. लोकरी फेल्टमध्ये गंधक असतं, त्याने चांदी काळी पडते. बाजारातल्या लाल मखमलीचा रंग दमट हवेत उतरतो. भावाला हे नीट सांगा. सुतारावर चिडू नका, तो त्याचं काम करतोय.

माजघर
बाप रे. रेघ उमटली! करडी, अगदी शाळेच्या पेन्सिलीसारखी. भावाने मागे घेतलं, आता तोही हत्ती म्हणतोय. वजन भाजीवाल्या काट्यावर केलं, त्याने शून्य दाखवलं.

पेठकर१९
०.०१ ग्रॅमचा खिशात मावणारा काटा घ्या, काही शेकड्यांत मिळतो. पुढे उपयोगी पडेल. ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. फार झिजलेला असेल तर थोडा कमी. दहा-साडेदहा भरला आणि चेहरा मात्र ताजातवाना असेल तर शंका घ्या. १९४०च्या पुढचे रुपये निम्म्याच चांदीचे आहेत हेही लक्षात असू द्या, ते लवकर काळे पडतात.

अवांतर: बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात 'शिवराई' म्हणून जे ताट भरून विकतात त्यातली बरीच ओतीव असतात. अक्षरांच्या कडा गोल, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे. खऱ्या शिवराईवर ठोक्याचा जोर दिसतो, 'श्री राजा शिव' कडेला सरकून अर्धं कापलेलं असलं तरी.

तात्या_पंचे
शिवराईचा विषय निघालाच आहे तर, 'छत्रपति' वर ठेवायचं की 'श्री राजा शिव'? शोकेसात एकच बाजू दिसते.

मुंगळा
खाली आरसा ठेवा. पाहुण्यांना शिवराई दिसेल, आणि स्वतःचं नाक.

बर्लिनकर
आरसा चालतो, विनोद नाही. मी पाहिलाय. पण नाणं आरशावर थेट ठेवू नका, छोट्या अ‍ॅक्रिलिक स्टँडवर तिरकं ठेवा.

इकडे जर्मनीत छंदाची दुकानं भरलेली असतात. लिंडनर, लॉयख्टटुर्म वगैरेंचे प्लास्टिकचे खण मिळतात, प्रत्येक मापाच्या गोल वा चौकोनी कप्प्यांचे, एकावर एक रचायचे. फार सोयीचं. पण हिवाळ्यात घर तापवल्यामुळे आमच्याकडे हवाच इतकी कोरडी होते की मी काहीही केलं तरी चालतं. त्याच मापाचा एक खण आईकडे दादरला ठेवला, दोन पावसाळ्यांत तांब्याच्या पैशांवर हिरवे ठिपके. खण तोच, हवा वेगळी. माझं मत, आधी हवेचं बघा, खोक्याचं नंतर.

शेतकरीदादा
विषयांतर होतंय पण विचारतो. आमच्या शेजाऱ्याला विहीर खणताना मडकं लागलं, आत नाणी. तो म्हणतो अल्बम करतो. चालेल का?

पेठकर१९
नाही चालणार दादा. १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो. धुवू नका, वाटू नका, मडकं फोडू नका. तसं न झाल्यामुळे किती इतिहास मोडीत गेला याला गणती नाही. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ साली नहपान या क्षत्रप राजाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. ठेवा बराचसा एकत्र राहिला म्हणून त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलाय हे कळलं. सुटी सुटी विकली असती तर कोणाला काय कळणार होतं.

चहाटळ
म्हणजे गौतमीपुत्राने नाणी साठवण्याचा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला. दुसऱ्याचीच घ्या, वर आपलं नाव टाका.

चिपळूणची_मावशी
हसू नका, काम सांगते. २०२१च्या जुलैत आमच्या खालच्या मजल्यावर छतापर्यंत पाणी होतं. यजमानांचे दोन संग्रह होते. एक जाड अल्बमात, पुठ्ठ्याच्या होल्डरात, कपाटाच्या मधल्या खणात. दुसरा, जरा कमी महत्त्वाचा, स्वयंपाकघरातल्या रबरी कडेच्या, चारी बाजूंनी खटके असलेल्या पाच लिटरच्या डब्यात. चौथ्या दिवशी घरात शिरलो. अल्बमाचा चिखलात लगदा झालेला, नाणी एकमेकांना चिकटलेली. डबा खिडकीच्या वरच्या गजात अडकलेला, तरंगत गेला असणार. उघडला तर आत कोरडं ठणठणीत. कागदाच्या चिठ्ठीवरची शाईसुद्धा पसरली नव्हती.

तेव्हापासून सगळं डब्यांत. प्रत्येकात सिलिका जेलची पिशवी. नारिंगी असते तोवर कोरडी, हिरवी झाली की ओव्हनमध्ये १२० अंशाला दोन तास. पावसाळ्यात महिन्यातून एकदा.

विदर्भवाघ
सिलिका म्हणजे औषधाच्या बाटलीत असते तीच ना? पाव डब्याला एक चिमूट?

चिपळूणची_मावशी
त्या चिमटीने कोकणात काही होत नाही वाघोबा. पाच लिटरला मी चांगल्या पन्नास ग्रॅमच्या दोन पिशव्या घालते. आणि डबा रोज उघडून कौतुक करायचं नाही. उघडला की बाहेरची ओल आत. एक छोटं आर्द्रतामापक आत ठेवलंय, बाहेरून वाचता येतं. चाळीसच्या आसपास असलं की मी झोपते.

रानडुक्कर_नाही
कापराच्या वड्या ठेवा. आमची आजी ठेवायची चांदीच्या ताटांत.

कपाटातली_धूळ
ताटांना ठीक, ती पुढे घासली जातात. नाण्यांजवळ कापूर किंवा डांबरगोळ्या नकोत. वाफ नाण्यावर बसते, आणि डांबरगोळ्यांनी काही प्लास्टिक मऊ होऊन कॅप्सूलच (नाणं ठेवायची पारदर्शक डबी) नाण्याला चिकटते. रबरबँडही नकोत. चांदीच्या रुपयांच्या चळतीला रबर लावून ठेवलं होतं एकांनी, प्रत्येक रुपयाच्या कडेवर काळा पट्टा उमटला होता.

नाणेवेडा
माजघर, मूळ प्रश्नाकडे येतो, नाहीतर धागा विहिरीतच राहील. तुमच्या ३४२ पैकी बहुतेक नाण्यांना महागडं काही नको. अ‍ॅल्युमिनियमच्या पैशांना स्वतःचा छोटा पॉलिप्रॉपिलीनचा पाकीट-कप्पा पुरे. फक्त खाऱ्या हवेपासून वाचवा, नाहीतर पांढरी पूड धरते. चांदीच्या बारा-चौदांना अ‍ॅक्रिलिकच्या गोल कॅप्सूल घ्या. रुपयाचा व्यास साधारण साडेतीस मिमी, पण झिजलेले असतात, प्रत्येक मोजूनच मागवा. ढिलं बसलं की आत खुळखुळतं आणि कडा झिजते.

शिवराई ही कॅप्सूलची शत्रू. एक जाड, एक पातळ, एक अंडाकृती. त्यांना पॉलिथिलीनच्या फेसाची कडी असलेल्या कॅप्सूल किंवा सरळ पेटचे पाकीट. आणि शिशाचा हत्ती वेगळ्या छोट्या डब्यात, एकटा.

एक विचारायचं राहिलं. बाबांची नाणी डब्यात सुटी होती?

माजघर
नाही. हे मी लिहायलाच विसरले. प्रत्येक नाणं पुडीत होतं. एसटीच्या तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूची, नाहीतर वहीच्या कागदाची पुडी. मुलांना वाटलं कचरा आहे, अर्ध्या सोडवून टाकल्या. त्यांवर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं आहे, मी नीट वाचलं नाही.

पेठकर१९
टाकू नका!! आत्ता कचऱ्याची पिशवी तपासा!

कपाटातली_धूळ
टाकू नका, दहा वेळा. ते कागद नाण्याला चिकटवून ठेवू नका, आम्ल असतं त्यात. पण वेगळ्या पाकिटात, त्याच क्रमांकाने. आणि फोटो.

माजघर
पिशवी घंटागाडीत गेलेली नव्हती. मागच्या पडवीत होती. १९७ पुड्या मिळाल्या.

---

माजघर (तीन आठवड्यांनी)
मंडळी, काय केलं ते सांगते, कारण अर्धे जण व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारताहेत.

मावशींसारखे रबरी कडेचे तीन डबे घेतले, मागे त्रिकोणात ५ बघून. दुकानदार म्हणाला, बाई, लोणचं ठेवायचंय की काय. माळ्यावर नाही ठेवले, तिथे कौलांतून झिरपतं. आतल्या खोलीत भिंतीपासून वीतभर लांब, खाटेच्या उंचीवर. काळजी म्हणून आर्द्रतामापक हॉलमध्ये ठेवलं तर ९१, डब्यात ३८. हा आकडा बघून भाऊ गप्प झाला, माझ्या सगळ्या बोलण्याने झाला नव्हता.

शोकेस मात्र झालं. सागवानी नाही, पावडर कोटिंगच्या पत्र्याची चौकट आणि काच, अंगणाच्या उन्हाकडे पाठ करून. एलईडीचा ट्रान्सफॉर्मर सुताराने (हो, तोच, त्यानेच लोहाराकडून करून आणलं) बाहेर टाकला, आत ऊब नको म्हणून. मखमलीऐवजी पांढरं, न रंगवलेलं सुती कापड, आधी तीनदा धुतलेलं. आत फक्त बारा नाणी, कॅप्सूलमध्ये. वहिनीने घासलेले दोन रुपये मुद्दाम पुढे ठेवलेत, ते चकाकतात, पाहुण्यांना आवडतात. दर तीन महिन्यांनी बारा बदलायची.

प्रत्येकासमोर पुडीवरच्या मजकुराची झेरॉक्स. एक ३ पैसे आहे, त्यावर बाबांनी लिहिलंय: 'देवरुख–रत्नागिरी शेवटची गाडी, म्हातारीने दिले, बाद झालेत सांगितलं तर रडली, स्वतःचे टाकले.' तिकिटाचे पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून भरले होते आणि नाणं ठेवून घेतलं होतं. आईला हे माहीत नव्हतं.

हत्ती एकटाच आहे, छोट्या डब्यात, आतल्या खोलीत. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेत कधीतरी नेऊन दाखवायचा आहे.

तात्या_पंचे
छान. आणि 'छत्रपति' वर की 'श्री राजा शिव'?

माजघर
'श्री राजा शिव'. भावाने आरसा लावू दिला नाही.

गोमंतकी_कासव
वाखुसा (वाचनखूण साठवली). चौकोनी दोन आण्यांना कॅप्सूल कुठे मिळाली ते सांगा, मला गोल छिद्रांचीच मिळताहेत.

माजघर
मिळाली नाही. पाकिटातच आहेत. कोणाला माहीत असेल तर सांगा.